हातभर आवाज

देवासात जन्मलेल्या माणसाला वाटतं की गाण्याचा कान त्याला नळजोडणीबरोबर फुकट मिळालाय. गावात मोठे गाणारे राहून गेले, हे खरं. पण म्हणून त्यांच्या गल्लीतला पानवाला, पानवाल्याचा मेहुणा आणि मेहुण्याचा भाडेकरू, सगळेच मान डोलवायचे अधिकारी झाले, हे कुठलं शास्त्र? कोणाच्याही घरी जा, चहाच्या आधी 'वाह' येते.

माझे चुलतसासरे उमाशंकरकाका या जमातीचे मुकादम. त्यांचे आजोबा धाकट्या पातीच्या, म्हणजे देवासच्या धाकट्या गादीच्या, दरबारात फरास होते. फरास म्हणजे मैफलीआधी सतरंज्या अंथरायच्या आणि लोक उठले की झटकून घड्या करायच्या. इमानाचं काम आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्या सतरंज्यांवरून काकांनी जे काढलं ते असं की, "आमच्या घराला तीन पिढ्यांचा कान आहे." माझा बाप धारमध्ये जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होता. तुकाराम मास्तर. उटावद दरवाजापासून अमझेऱ्यापर्यंत कोणालाही विचारा. त्यांच्या आजोबांनी सतरंज्या टाकल्या, माझ्या बापाने फुंकून फुंकून छातीचं खोकं केलं, आणि कान त्यांच्याकडे.

मला बघायला आले तेव्हा काका पुढे होते. माईने, म्हणजे माझ्या आईने, पोहे-जिलेबी ठेवली. काकांनी सांगितलं, "मुलीने काही म्हणून दाखवावं." मी भजनाची एक ओळ म्हटली. काकांनी डोळे मिटले, मान कलती केली, आणि चमचा पोह्यात खुपसत निकाल दिला, "आवाज बरा आहे. कान नाही. पण चालेल. घरात एक कान पुरे." सगळे हसले. विपुलही हसला, ज्याच्याशी मग माझं लग्न झालं. माझा बाप दाराशी उभा होता. तो तेवढा हसला नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक टेबल आहे. तेवढं माझं. बाकी घरात माझं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही. त्या टेबलाशी बसून मी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. औद्योगिक वसाहतीतले दोन-तीन कारखाने काम पाठवतात. काम मुकाट्याचं आहे, त्यामुळे कानाला काहीतरी लागतं. दोन वर्षं हेडफोन घातला. मे महिन्यात कानाला घाम, मानेला रग, आणि खालून कोणी हाक मारली की ऐकू आलं नाही म्हणून बोलणी. मग मी ठरवलं, टेबलावर ठेवायला एक लहान वॉल्व्हचा अँप्लिफायर आणि दोन लहान स्पीकर घ्यायचे.

वॉल्व्ह म्हणजे त्या काचेच्या नळ्या. जुन्या रेडिओत असायच्या, रेडिओ लावला की आधी तापायच्या, मग बोलायच्या. तसले अँप्लिफायर आता पुन्हा बनतात. धारला माझा धाकटा भाऊ धीरजच बनवतो. तो धामनोदला हायवेवर ट्रकांचे टेप दुरुस्त करत शिकला, आता घरामागच्या खोलीत बसून ऑर्डरी घेतो. त्याला विचारून आणि मोबाइलवर लोकांची भांडणं वाचून मला एवढं कळलं होतं: टेबलावरच्या ऐकण्याला ताकद लागत नाही. स्पीकर हातभर अंतरावर, कानाच्या उंचीला, तोंडं थोडी आपल्याकडे वळवलेली. तेवढ्यात तीन वॅट म्हणजे रगड. फक्त स्पीकर असा हवा जो थोडक्यात बोलेल. काही स्पीकर म्हशीसारखे असतात, ढकलल्याशिवाय हलत नाहीत. त्यांना तीन वॅट दिले तर नुसते कण्हतात. तर लहान अँप्लिफायर, लाकडी खोकी, आणि प्रत्येक खोक्यात हलक्या कागदाचा एकच स्पीकर. झालं. डीजेवाल्याला सांगितलं तर तो हसून मरेल. मला डीजे लावायचा नव्हता.

विपुलने हे जेवताना काकांना सांगितलं. विपुल वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

"अरे वा!" काका म्हणाले. "घरात सिस्टिम येणार! माझा डेक दिवाळीपासून मुका आहे. गुरुवारची बैठक म्हणजे नुसती शेव खाणं झालंय."

"सिस्टिम नाही काका. माझ्या टेबलासाठी आहे."

"हो हो, तुमचीच, सूनबाई. फक्त वाजणार हॉलमध्ये. टेबलावर काय ऐकायचं? टेबलावर जेवतात."

"मी काम करते टेबलावर."

"मग काम करा. ऐकायला आम्ही आहोत." आणि विपुलकडे वळून, "रविवारी जाऊ धारला. बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. मी येतो. कानाचं काम आहे."

मी विपुलकडे पाहिलं. तो भात कालवत होता. वर आल्यावर म्हणाला, "यार शिखा, चलने दे ना. म्हातारा माणूस आहे, खुश होईल. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय. पैसे माझे, टेबल माझं, कल्पना माझी, आणि प्रश्न हा.

रविवारी निघालो. काका पुढे, विपुल चालवणार, मी मागे रिकाम्या खोक्यांबरोबर. काकांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत ताम्हन, पळी-पंचपात्री, हळदकुंकू आणि पुडीत शेवंतीची फुलं. "वाद्य पुजल्याशिवाय ऐकायचं नसतं. आमच्या घराची रीत आहे." यांच्या आजोबांना दरबारात कोणी तंबोऱ्याला हात लावू दिला असेल का, ते आई चामुंडेलाच ठाऊक. पण रीत आहे म्हटलं की आहे. इंदूर बायपासपासून घाटाबिल्लोदपर्यंत काका आम्हाला नाद म्हणजे काय ते समजावत होते. त्यात तीनदा विपुलला म्हणाले, "भिया, हॉर्न कम बजा, कान को लगता है."

धारला हटवाड्यातलं आमचं घर. तीच बैठक, तोच दिवाण, आणि माईने पुन्हा पोहे-जिलेबी. तिला दुसरं काही सुचतच नाही. "या व्याहीबुवा, बसा," म्हणून पदर सावरत आत-बाहेर करत होती. दादा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसले होते. त्यांचे पुढचे दात गेलेत, तेव्हापासून क्लॅरिनेट पेटीत आहे.

धीरजने मला स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, मोठा खपव ना यार. दोन महिने पडून आहे. जिजाजींच्या काकांना तोच आवडेल."

"मला छोटा हवाय."

"तुला माहितीये, त्यांना नाही. तू फक्त गप्प बस."

माझा सख्खा भाऊ. गप्प बस म्हणाला.

बैठकीत त्याने दोन्ही मांडून ठेवले होते. एक लहान, शिवणयंत्राच्या डब्याएवढा, वर दोनच मोठ्या नळ्या आणि एक बुटकी. शेजारी डाळीच्या डब्याएवढे दोन स्पीकर. दुसरा मोठा, लोखंडी, वर बाटल्यांसारख्या चार जाड नळ्या, आणि त्याचे स्पीकर माझ्या कमरेएवढे. दोन्ही अर्धा तास आधीपासून लावून ठेवले होते, कारण तापल्याशिवाय वॉल्व्ह नीट बोलत नाही. मोठ्याच्या बाटल्यांत नारिंगी उजेड होता. जवळ गेलं की तोंडाला झळ लागत होती.

"अहाहा!" काका म्हणाले. "याला म्हणतात वाद्य." पिशवी उघडली. "वहिनी, पाणी आणा."

माईने माठातलं पाणी आणून पंचपात्रीत ओतलं. काकांनी मोठ्या अँप्लिफायरच्या लोखंडी अंगावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. हळद वाहिली. मग फूल पाण्यात बुडवलं.

"काका, वर नका," धीरज म्हणाला. "गरम आहे खूप."

"अरे भिया, दिवा गरमच असतो."

"काका, काच आहे..."

"तू मला पूजा शिकवणार?"

"आणि या छोट्याला?" विपुलने विचारलं, मध्येच काहीतरी बोलायचं म्हणून.

"त्या पोराला काय पुजायचं? तो मोठा होऊ दे आधी," असं म्हणून काकांनी फूल झटकलं. एकदा नाही. तीनदा. रीत म्हणजे रीत.

टक् असा आवाज झाला, पेल्याला नखाने टिचकी मारावी तसा. एका बाटलीत जांभळं काहीतरी भडकलं. धीरजने झेप घेऊन वायरच उपटली. बाटलीच्या डोक्याशी आतून जो चंदेरी डाग असतो तो आमच्या डोळ्यांदेखत पांढरा झाला, दह्यासारखा. खोलीत जळका वास आला आणि काकांच्या हातात फूल तसंच.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"काच कच्ची आहे तुझी!" काका.

"मी सांगत होतो ना, गरम आहे!" धीरज.

"समई गरम नसते? तिच्यावर पाणी पडलं तर ती फुटते का?"

"ती पितळेची असते," माई म्हणाली आणि आत गेली.

"आणि पाणी गार होतं! माठातलं! कोमट द्यायला हवं होतं, पूजेला कोमट देतात हे घरात कोणाला माहीत नाही?" हे काकांनी आतल्या दिशेने, म्हणजे माईला. तोवर त्यांनी फूल हळूच ताम्हनात ठेवलं होतं आणि ताम्हन दिवाणाखाली सरकवलं होतं, पुरावा लपवल्यासारखं.

"छोड़ो ना काका," विपुल म्हणाला. "नवीन वॉल्व्ह येईल. धीरज, येईल ना?"

"जोडी बदलावी लागेल. मागवायची म्हणजे पंधरा-वीस दिवस."

"मग झालं की!" काका लगेच सावरून बसले. "घाई कसली आहे? थांबू. मोठाच घेऊ. पुढच्या महिन्यात हॉलही रंगवून होतोय. सूनबाईंना कुठे उद्या गाडी पकडायचीय?"

हे बघा. वस्तू यांनी फोडली, पाणी माझ्या आईचं गार, काच माझ्या भावाची कच्ची, आणि थांबायचं मी. सगळ्यांनी मान डोलावली. धीरजनेही, कारण मोठा खपणार होता. एका मिनिटात माझं टेबल बाद झालं, आणि कोणाला कळलंही नाही की काही बाद झालं.

"छोटा लाव, धीरज," मी म्हणाले.

"ताई, थोडं थांबलीस तर..."

"लाव म्हणते ना."

त्याने लावला. मी जमिनीवर बसले, स्पीकर दोन पाटांवर ठेवले, माझ्याकडे तोंडं वळवली आणि मोबाइल जोडला. माझ्याकडे दादांचं एक रेकॉर्डिंग आहे. अमझेऱ्याच्या वरातीत मी मोबाइलवर घेतलेलं, दात जायच्या आधीच्या हंगामात. जनरेटरची घरघर आहे, कोणीतरी "पप्पू, पानी ला" ओरडतंय, आणि मध्ये क्लॅरिनेट. हेडफोनवर मी ते खूपदा ऐकलं होतं. इथे ते वेगळं होतं. हातभर अंतरावर, दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, दादा उभे होते. फुंक संपते आणि नवी घेतात, त्यातला घसा ऐकू येत होता. ओठ लाकडावर टेकतात ते ऐकू येत होतं. भारी वगैरे नव्हतं. ठोका तर नव्हताच, ढोल दूर कुठेतरी पत्र्यावर पडल्यासारखा. पण माणूस होता.

"बंद कर गं," दादा खुर्चीतून म्हणाले. "तिथे मी बेसूर आहे. क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी जास्तच भिजली होती."

"मला तर ऐकूच येत नाही," काका दिवाणावरून. "वाढव रे."

धीरजने वाढवलं. आवाज फाटला.

"हा चार हातांवर मरतोय," काका म्हणाले. "हॉलमध्ये याचं काय होणार?"

"काही होणार नाही. म्हणूनच हा घेतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे हा हॉलमध्ये वाजणारच नाही. मी बसते तिथे वाजेल, आणि तिथेच संपेल. मला तेवढाच हवाय."

काका हसले. हसून माझ्या बापाकडे वळले, कारण माझ्याशी बोलायची त्यांना सवय नाही. "मास्तर, बघा तुमची लेक. वरातीच्या पिपाणीवर सिस्टिम तपासतेय. तुम्हीच सांगा, चांगला कोणता?"

"मला दात नाहीत साहेब," दादा म्हणाले. "मला काय विचारता."

माझा बाप समोर बसलाय, त्याची फुंक खोलीत आहे, आणि त्याच्या तोंडावर पिपाणी. आणि वर तोच त्यांना साहेब म्हणतोय. इतकी वर्षं मी ऐकत आले. त्या दिवशी पुरे झालं.

"पिपाणी नाही, क्लॅरिनेट आहे ते," मी म्हणाले. "आणि तुम्ही याच दिवाणावर बसून सांगितलं होतं की मला कान नाही. बरोबर सांगितलं होतं. नाहीच आहे. दादा आता बेसूर म्हणाले, मला ते अजूनही कळलेलं नाही. पण वस्तू घ्यायला कान लागतो हे कोणी ठरवलं? जेवायला आचारी व्हावं लागतं का?"

"सूनबाई, घरातली वस्तू घरासाठी असते. एकट्याने ऐकायचं म्हणजे..."

"मग तुमची कवळी पण फिरवा गुरुवारी. चौघं वापरतील."

"शिखा! ज़बान संभाल!" विपुल उभाच राहिला.

"तू बस. तू त्या दिवशीही हसला होतास."

काकांचा चेहरा कुंकवासारखा झाला. ते उठले, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. ताम्हन विसरले. माई दारातून म्हणाली, "तुला तिथेच राहायचंय ना गं? मग?" तिने हे रागाने म्हटलं नाही. मला तेच जास्त लागलं.

धीरज खोक्यात स्पीकर भरत होता. सेलोटेप दाताने तोडत होता, एकदाही वर न बघता. "तुझं भांडण तू तुझ्या घरी करायचं होतंस," तो म्हणाला. "माझा वॉल्व्ह गेला, मोठं गिऱ्हाईक गेलं, आता ते देवासभर सांगत फिरतील की मास्तरच्या पोराचा माल फुटतो."

"मी सांगेन खरं काय झालं ते."

"तुझं कोण ऐकतं तिकडे?"

मी खोकं उचललं.

परत येताना काका पुढे बसून खिडकीतून इतकं निरखून बघत होते, जणू प्रत्येक ढाब्याची तपासणी करायची आहे.

त्याच संध्याकाळी मी टेबल मोकळं केलं. अँप्लिफायर मागे, भिंतीपासून वीतभर पुढे, उष्णता निघायला. स्पीकर कॉम्प्युटरच्या पडद्याच्या दोन बाजूंना, खाली दोन-दोन जुनी पुस्तकं, म्हणजे कानाच्या उंचीला आले. सुरुवातीला डावीकडून घरघर येत होती. मोबाइलचा चार्जर दुसऱ्या बोर्डात लावला, ती गेली. मग सोमवार, मंगळवार, बुधवार मी काम केलं आणि ऐकलं. काय ऐकलं ते सांगणार नाही. कोणाला सांगावं लागू नये म्हणून तर घेतलं.

खाली काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पानात वाढलेलं अर्धं ठेवायचे आणि विपुलकडे बघत मोठा श्वास सोडायचे. विपुल माझ्याकडे बघायचा. मी वरणाकडे.

गुरुवारी मला ड्रॉइंग द्यायला वसाहतीत जावं लागलं. तिथे सुपरवायझरने दोन मापं बदलायला लावली, त्यात दुपार गेली. घरी आले, वर गेले. टेबलावर पुस्तकांच्या दोन चळती होत्या आणि मध्ये काही नव्हतं. वायर जिथे होती तिथे धुळीत रेघ उरली होती.

विपुल जिन्यातच भेटला. माझी वाटच बघत असावा. "ऐक, ऐक. काका चार दिवस नीट जेवले नाहीयेत. बीपी वाढलाय. एका गुरुवारची तर गोष्ट आहे यार. सात वाजता मी स्वतः वर आणून ठेवतो."

"विचारलं होतंस?"

"तू हो म्हणाली असतीस का?"

"नाही."

"तर मग?"

म्हणजे नाही म्हणणार हे माहीत असलं की विचारायची गरज नसते. हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. मी खाली गेले.

हॉलमध्ये काका आणि त्यांचे तीन मित्र. सगळे रिटायर, सगळे कानवाले. माझा अँप्लिफायर टीपॉयवर, स्पीकर त्याच्या दोन्हीकडे, तोंडं भलतीकडेच. आवाज पुरता वाढवलेला, फाटलेला, गाणारी बाई पिंपात बसून गातेय अशी. तरी दिवाणापर्यंत पोचत नव्हती. म्हणून त्यांनी पंखा बंद केला होता. तरी पोचेना, म्हणून खुर्च्या पुढे ओढल्या होत्या. चौघे म्हातारे टीपॉयभोवती वाकून बसले होते, टकलाला टक्कल लागेल इतके जवळ, घामाने निथळत. एकाचं श्रवणयंत्र मध्येच शिट्टी मारत होतं. आणि काका डोळे मिटून म्हणत होते, "वाह."

मी बटण बंद केलं.

"लाइट गई क्या?" श्रवणयंत्रवाल्यांनी विचारलं.

"नाही. मी बंद केलं. माझं आहे, वर न्यायचंय."

"सूनबाई," काका दात आवळून म्हणाले, "पाहुणे बसलेत."

"बसू द्या. गरम आहे अजून. थंड झालं की नेते."

आणि मी उभी राहिले. तापलेल्या काचा घेऊन जिना चढता येत नाही, हे खरंच आहे. पंधरा मिनिटं तरी लागतात. मी पंखा लावला. मी टीपॉयजवळ उभी, हाताची घडी घालून, आणि चौघे खुर्च्यांत, आता कशाकडे वाकायचं ते न कळून. एकाने शेवेची बशी उचलली, परत ठेवली. दुसऱ्यांनी विपुलला त्याच्या नोकरीचं विचारलं. विपुलने दोन शब्दांत उत्तर दिलं. रस्त्यावरून ट्रक गेले ते स्पष्ट ऐकू येत होते. काका दोनदा बोलायला गेले. दोन्हीदा माझ्याकडे पाहून थांबले, कारण आता बोलले तर मी पाहुण्यांसमोर काय बोलेन याचा त्यांना भरवसा नव्हता. त्यांनी धारला तेवढं शिकून घेतलं होतं.

"मग निघतो हो उमाशंकरजी," श्रवणयंत्रवाले म्हणाले. बाकीचे दोघेही उठले. काकांनी त्यांना दारापर्यंतही सोडलं नाही. बसून राहिले.

मी काचेजवळ हात नेऊन पाहिला. कोमट होती. वायरी काढल्या, अँप्लिफायर छातीशी धरला आणि जिना चढले. स्पीकर विपुल घेऊन आला, मी सांगितलं नव्हतं. टेबलावर ठेवून तिथेच घुटमळला. "आता काय, रोज असंच चालणार?"

"रोज कशाला? तुम्ही हात लावला नाही तर काहीच होणार नाही."

"काका आयुष्यभर बोलणार नाहीत तुझ्याशी."

"चालेल."

तो गेला. मी स्पीकर पुस्तकांवर ठेवले, तोंडं वळवली, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. काच हळूहळू उजळायला लागली. तेवढ्यात खालून काकांचा आवाज आला. माझ्याशी नाही, जिन्याशी बोलल्यासारखा. "लावताच आहात तर दार तरी उघडं ठेवा. इथवर येईल थोडं."

मी उठले आणि कडी घातली.